दवाखाना एकला बंद, मिलची सुट्टी सहाला

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी डाळमिलमध्ये निवडणीचं काम करते, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. नवरा हमालीला जातो. सासूबाईंना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. सरकारी दवाखाना वस्तीपासून जवळ आहे, पण तो दुपारी एकला बंद होतो. गेलं तर रोज बुडतो. म्हणून रात्री खासगीत नेतो. गोळ्या आठ-दहा दिवस चालतात, पैसे संपले की बंद. आमचं रेशनकार्ड गावाकडचं आहे, त्यामुळे सरकारी दवाखान्यात पाय ठेवायलाही भीती वाटते. पाच लाखांच्या योजनेत सासूबाईंच्या गोळ्या मिळतील का?
– एक वाचक, खान्देश

उत्तर : ताई, आधी रेशनकार्डाची भीती काढून टाका. दवाखान्यात तपासून घ्यायला आणि गोळ्या घ्यायला गावाकडचं कार्ड आड येत नाही. केसपेपर काढा आणि रांगेत बसा. तुम्ही तिथे उपऱ्या नाही.

पाच लाखांची योजना म्हणजे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने पहिल्यांदा ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. पण ती मोठ्या आजारांसाठी, ऑपरेशनसाठी, भरती होण्यासाठी आहे. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तिच्यातून मिळत नाहीत. मला इथेच फार वाईट वाटतं. गोळी चुकल्याने उद्या सासूबाईंना लकवा मारला, तर उपचाराला लाखांची तरतूद आहे. तो लकवा टाळणारी गोळी वस्तीजवळच्या दवाखान्यात फुकट पडून आहे, आणि ती तुमच्या हाती येत नाही, कारण दार एकला बंद होतं.

मी बत्तीस वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी पत्र्याच्या घरांमध्ये फिरण्यात गेली. एका आजीबाईंचं वाक्य अजून कानात आहे : 'दवाखानामा गऊ की रोज बुडस, माय.' तेव्हा मी त्यांनाच समजावत बसले, तब्येतीपेक्षा रोज मोठा आहे का म्हणून. आज वाटतं, मी चुकीच्या माणसाला समजावत होते.

दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवा असं म्हणणं म्हणजे मेहरबानी मागणं नव्हे. खेड्यांसाठी आरोग्य अभियान २००५ ला आलं, शहरांसाठीचं २०१३ ला. त्याच्या मूळ आराखड्यातच शहरी प्राथमिक आरोग्य केंद्राची वेळ दुपारी १२ ते रात्री ८ अशी सुचवलेली आहे, कारण तो आखणाऱ्यांना तुमची सहाची सुट्टी माहीत होती. पुढे राज्य सरकारचा 'आपला दवाखाना' आला, त्याची वेळही दुपारी २ ते रात्री १० अशी ठरवलेली. तुमच्या शहरात तो कुठे आहे, हे आशाताईंना विचारा.

शहरी अभियानाच्या त्याच आराखड्यात साधारण ५० हजार लोकांमागे एक केंद्र धरलं आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांवर होतं, धुळे पावणेचार लाखांच्या आसपास. म्हणजे त्या मोजणीनेच जळगावला नऊ केंद्रं लागतात, धुळ्याला सात-आठ. त्यानंतर शहराच्या कडेला किती वस्त्या उठल्या, तुम्हीच पाहता. तुमची गल्ली आशाताईंच्या यादीत आहे का, तेही विचारा. नवी पत्र्याची घरं कित्येकदा कोणाच्याच यादीत नसतात, मग बाळाची लस चुकते आणि खोकल्याचा माणूस टीबीच्या तपासणीतून सुटतो.

आता काय करायचं ते सांगते. ५० ते १०० घरांमागे वस्तीतल्याच बायकांची एक महिला आरोग्य समिती असते, तिला वर्षाला ५,००० रुपये मिळतात. समिती नसेल तर आशाताईंकडे मागणी करा. समितीत बसून एक वही घाला. आम्ही एका गावात साधी शंभर पानी वही घातली होती. बंद दारावरून जी बाई परत आली, तिने तारीख, वेळ, बुडालेला रोज आणि रात्री खासगीत गेलेले पैसे लिहायचे. लिहिता न येणाऱ्यांचं शाळेतल्या पोरी लिहायच्या. दीड महिन्याने वही घेऊन आम्ही आरोग्य अधिकाऱ्यांसमोर बसलो. तोंडी तक्रारी त्यांनी खूप ऐकल्या होत्या, पण वहीची पानं ते एकेक करून वाचत राहिले. मंगळवार आणि शुक्रवार, रात्री आठपर्यंत दवाखाना सुरू झाला. पहिल्या संध्याकाळी चौघीच आल्या, तेव्हा माझा जीव खालीवर झाला. महिन्याभरात बाकडं पुरेना. पुढे डॉक्टरांची बदली झाली आणि शुक्रवार बंद पडला. बायका पुन्हा वही घेऊन गेल्या. अशा कामाला मध्येच सोडून चालत नाही.

एक विनंती, आणि ती मी नर्स म्हणून करते. सकाळपासून राबणाऱ्या सिस्टरलाच रात्रीपर्यंत थांबवा, असं मागू नका. ड्युटीच दुपारी सुरू करा, असं म्हणा. दवाखान्याच्या दारात दिवा आणि तिला घरी जायला सोबत, हेही त्याच अर्जात लिहा. ती टिकली तरच संध्याकाळ टिकेल.

वेळ बदलेपर्यंत सासूबाईंना थांबवू नका. गल्लीत बीपी-शुगरची आणखी माणसं असतीलच. पाळी लावा : एका महिन्याला एकच बाई सुट्टी घेईल आणि चार घरच्या म्हाताऱ्यांना बरोबर नेईल. तिचा बुडालेला रोज चौघींनी वाटून घ्या. जाताना जुना कागद आणि संपलेल्या गोळ्यांचं पाकीट न्या, म्हणजे कोणती गोळी कधीपासून बंद आहे ते डॉक्टरांना कळेल. बीपी-शुगर स्थिर असेल तर महिन्याच्या गोळ्या एकदम देता येतात, आठ दिवसांच्या दिल्या तर तिथेच विचारा. पहिली पाळी तुम्ही घ्या.