शेरूच्या कानामागची ती गोचीड

ताई,
आमचा शेरू सहा वर्षांचा, गावठीच. गणपती उठले आणि त्याने जेवण सोडलं. आम्हाला वाटलं, मोदक बाधले. चौथ्या दिवशी नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी रक्त तपासून टिक फिव्हर, म्हणजे गोचिडीचा ताप, सांगितला. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी 38 हजारांवर उतरल्यात. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवस द्यायच्यात, आज पाचवा दिवस. श्रावणात त्याच्या कानामागे मला एक गोचीड दिसली होती. उपटून फेकली आणि विसरले. आता रात्र रात्र त्याच्याजवळ बसून असते. नणंद म्हणते, कुत्र्यासाठी एवढं? पण खरी टोचणी वेगळीच. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला पिल्लू असताना शेतावरून उचलून आणलं होतं. ते आता त्याच्याकडे बघतही नाहीत. माझ्यावर रागावले असतील का? धाकटी बहीण समजून सांगा.
– एक सून, सातारा

बाळा,

आधी त्या गोचिडीचं बोलू, कारण पत्रात ती मला सगळीकडे दिसली. ती तुला दिसली, तू काढलीस. चूक कुठे झाली? शेरू ज्याने आजारी पडला तो जंतू तिच्यातूनच आला, हे कुणीच सांगू शकणार नाही. चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप येतो हे खरं, पण काही कुत्र्यांत हा जंतू महिनोन्‌महिने गप्प बसून राहतो आणि मग एकदम डोकं वर काढतो. शिवाय कुत्रं दुखणं लपवतं. मोदक बाधले असं तुमच्या जागी मलाही वाटलं असतं.

पुढचे 23 दिवस मात्र तुझ्या हातात आहेत. आणि इथे मला माझी चूक सांगायलाच हवी. आमच्या राणीला हाच ताप आला होता. नवव्या दिवशी ती उठली, ताटलीतला सगळा भात चाटून पुसून खाल्ला, शेपटी हलवत दारापर्यंत आली. मला इतका आनंद झाला की गोळ्या थांबवल्या. उगाच पोटात औषध कशाला, असं वाटलं. तीन आठवड्यांनी ताप परत आला आणि दुसऱ्या खेपेला तिने फार सोसलं. शेरूही येत्या काही दिवसांत खाऊ लागेल, खेळू लागेल. तेव्हा हात आखडू नकोस. शेवटची गोळी पोटात जाईपर्यंत तो आजारीच आहे असं धर.

गोळी उपाशीपोटी देऊ नकोस, उलटी होते. दूध, दही, पनीर यांतही लपवू नकोस, त्यातल्या कॅल्शियममुळे औषध अंगी नीट लागत नाही. पोळीच्या तुकड्याला थोडं तूप लावून दे आणि वर पाणी पाज, म्हणजे गोळी घशात अडकणार नाही. जेवणात कांदा-लसूण अजिबात नको. कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि शेरूकडे आता रक्त घालवायला शिल्लक नाही. अंग गरम लागलं तरी माणसांची तापाची गोळी देऊ नकोस. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, 101 ते 102.5 फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं.

घरही बघ. ही तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत, चौकटीच्या कडेला अंडी घालते, एकेक मादी हजारांनी. त्याचं जुनं पोतं टाकून दे, फटी बुजवून घे. अंगावरचं औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे. घरात मांजर असेल तर तेही त्यांना सांग. कुत्र्याची काही औषधं मांजराच्या जिवावर बेततात. रॉकेल वगैरे कुणी सुचवलं तर ऐकू नकोस.

नणंदेला उत्तर देत बसू नकोस. नानांकडे जा.

ते तुझ्यावर रागावले आहेत असं मला वाटत नाही. ज्याला शेतावरून छातीशी धरून आणलं, त्याच्या नाकातून रक्त येताना बघवत नाही, एवढंच असेल. आणि घरात सगळं तू करतेस, म्हणून त्यांच्या हाताला काही कामही उरलेलं नाही. त्यांना एक काम दे. रोज सकाळी शेरूचा ओठ वर करून हिरडी बोटाने दाबायची. पांढरी होते, मग दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. हे एका वहीत लिहायचं, सोबत किती खाल्लं, शी कशी झाली. हिरडी कागदासारखी पांढरी दिसली, शी डांबरासारखी काळी झाली किंवा पुन्हा रक्त आलं, तर रात्र असो की पहाट, त्याच वेळी डॉक्टर गाठायचा. पुढच्या तपासणीला ती वही नानांनाच घेऊन जाऊ दे.

आज रात्री शेरूच्या पोत्याजवळ, नव्या हं, नानांची खुर्ची टाक आणि तू आत जाऊन झोप. प्लेटलेटचा पुढचा रिपोर्ट आला की मला कळव, मी वाट बघते.

– तुझी ताई