वडिलांची साखर आणि व्हिटॅमिन ई-सीचा डबा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वडील ६३ चे, साखर १२ वर्षं, ओळखीतल्या कुणीतरी ई आणि सी व्हिटॅमिनच्या कॅप्सूलचा डबा आणून दिलाय आणि सांगितलंय की यानं किडनी-डोळे-नसा वाचतात, म्हातारपणही लांब राहतं, तर देऊ का. मी सांगलीचा, साखर माझ्याकडं १७ वर्षं मुक्कामाला आहे, आणि असलाच डबा मी स्वतः तीन वर्षं खाल्लाय, म्हणून जरा लांबण लावतो.

तो माणूस अगदीच थापा मारत नाहीये. स्नायूंना साखर आत किती घ्यायची ते इन्सुलिनच्या हुकमानं ठरतं, पण डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या, किडनीच्या गाळणीतल्या पेशी आणि नसा यांना दार लावताच येत नाही, रक्तात साखर चढली की ह्यांच्या आतपण चढते. मग आतली भट्टी, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, गुऱ्हाळाच्या चुलवणात चिपाड बेसुमार कोंबल्यासारखी धूर ओकायला लागते. तो धूर म्हणजे फ्री रॅडिकल. वय झाल्यावर शरीर थकतं तेही ह्याच धुरामुळं, ही कल्पना डेनहॅम हार्मन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५६ सालीच मांडली होती. ई आणि सी हा धूर शोषतात, म्हणून डबा. म्हणजे दुखणं खरं आहे, पण औषध म्हणून डबा चालतो का, तर इथंच सगळं फिसकटतं.

२००० साली होप नावाची मोठी ट्रायल छापून आली, ९,५०० च्या वर माणसं, त्यात साडेतीन हजारांवर डायबेटिसवाले, रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई, साडेचार वर्षं. ना हार्टला फायदा ना किडनीला. पुढं तीच माणसं आणखी काही वर्षं बघितली तर ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर जास्त निघालं. आणि गंमत बघा, त्याच ट्रायलमध्ये काहींना रामिप्रिल दिलेली, बीपीची साधी गोळी, तिनं हार्ट पण सांभाळलं आणि किडनी पण.

वडील रोज चालायला जातात म्हणताय ना? मग हे ऐका. २००९ मध्ये जर्मनीत तरुण पोरांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, निम्म्यांना सोबत रोज सी १००० मिलीग्रॅम आणि ई ४०० युनिट. ज्यांनी गोळ्या खाल्ल्या नाहीत त्यांचं इन्सुलिन नीट चालायला लागलं, गोळीवाल्यांना व्यायामाचा तो फायदा मिळालाच नाही. कारण व्यायामात थोडा धूर होतो तोच शरीराला जागं करतो. पहाटे उठून चालायचं आणि घरी येऊन ते कॅप्सूलनं पुसून टाकायचं, काय उपयोग! आणि विडी-सिगरेट असेल तर डब्यावर बीटा-कॅरोटीन (गाजरातलं, अ व्हिटॅमिन बनवणारं द्रव्य) लिहिलंय का तेवढं बघा, फिनलंडमध्ये २९ हजार सिगरेटवाल्यांवर तपासलं तर फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त झाला, १९९४ ची गोष्ट.

आता माझी फजिती. पायाला मुंग्या यायच्या, मी म्हटलं आपण ई खातोय की, होईल कमी. एके दिवशी मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमधनं चालत होतो, मागनं हमाल ओरडला, "काका, चप्पल राहिली!" डाव्या पायातली चप्पल निघून पंधरा-वीस पावलं मागं पडलेली आणि मला पत्ता नाही. मिरजेत दाखवलं, डॉक्टरनी अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा चिमटा, लावला, मला थरथर काहीच कळेना. रक्त तपासलं तर नसांना लागणारं व्हिटॅमिन बी-१२ तळाला गेलेलं. मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेची नेहमीची गोळी, वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ उतरू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं, नको ती व्हिटॅमिनं पोटात भरत बसलेलो. इंजेक्शनं घेतली, मुंग्या बऱ्याच गेल्या, अंगठा मात्र अजून बधिर आहे.

म्हणून त्या पैशात तीन गोष्टी करा. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (किडनीतनं प्रोटीन गळतंय का ते कळतं), ३० च्या वर आलं तर किडनीवाल्या डॉक्टरकडं, नुसत्या रक्तातल्या क्रिएटिनिनवर विसंबू नका, ते वाढेपर्यंत बरंच काम हातचं गेलेलं असतं. डोळ्यात थेंब टाकून पडद्याची तपासणी, वर्षातनं एकदा. आणि बी-१२. बाकी एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, खाली आणणं हे सगळ्यात जालीम, इंग्लंडच्या यूकेपीडीएस अभ्यासात ते १ टक्का कमी असलं तर डोळे-किडनीच्या भानगडी ३७ टक्क्यांनी कमी दिसल्या. एवढं कुठल्या डब्यानं करून दाखवलेलं नाही.

सी हवंच असेल तर एक पेरू खाऊ द्या, दिवसाची गरज भागून उरतं. कंदी पेढे मात्र पाहुण्यांसाठीच ठेवा, मला माहितीय सातारकरांना हे अवघड जातं. डॉक्टरनी स्वतः काही व्हिटॅमिन लिहून दिलं असेल तर ते माझं ऐकून बंद करू नका, ते वेगळं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ई अजिबात नको.

मेटफॉर्मिन किती वर्षं आणि किती डोस ते लिहा, आणि घरात चालताना त्यांची चप्पल निसटते का ते जरा लक्ष ठेवून बघा.