वाचकांचे प्रश्न : 'बांबूची' अंतर्वस्त्रं घ्यावीत का?

प्रश्न : ताई, हल्ली अंतर्वस्त्रांच्या पाकिटावर 'बांबू', 'इको', 'रिसायकल्ड' असं काही ना काही छापलेलं असतंच. पर्यावरणाला त्रास होऊ नये असं मला मनापासून वाटतं. शिवाय माझी त्वचा नाजूक आहे, कापड चुकलं की लगेच पुरळ उठतं. निवड कशी करू?

उत्तर : कापड बनताना पाण्या-हवेत काय मिसळलं आणि ते अंगाला सोसतं का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाकिटावरचे शब्द नेमकी त्यांचीच गल्लत करतात. मी कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे ही गल्लत रोज पाहते आणि तिची मला चीड येते.

'बांबू' म्हणून विकलं जाणारं मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडने विरघळवतात आणि तो दाट द्रव बारीक छिद्रांतून आम्लात सोडून धागा काढतात. बांबू झपाट्याने वाढतो हे खरं, पण कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. व्हिस्कोसला 'बांबू' म्हणून विकल्याच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दुकानांच्या साखळ्यांवर कारवाई केली आणि दोघांना मिळून ५५ लाख डॉलर भरावे लागले. म्हणून पाकिटावरचा मोठा शब्द सोडा आणि आत शिवलेल्या लेबलवरची बारीक अक्षरं वाचा. तिथे 'लायोसेल' असेल तर मी ते आनंदाने घेते. तोही लगद्याचाच धागा, बहुधा लाकडाच्या, पण तो लगदा विरघळवणारं रसायन ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळवून पुन्हा वापरतात. असं काम झालेलं पाहिलं की फार बरं वाटतं.

रिसायकल्ड नायलॉनही चांगलं. 'नायलॉन ६' एकाच रेणूपासून, कॅप्रोलॅक्टमपासून बनतं. त्यामुळे जुनी मासेमारीची जाळी आणि गालिचे पुन्हा त्या रेणूपर्यंत मोडून नव्याइतकाच मजबूत धागा काढता येतो. लेस आणि ब्राची मागची पट्टी यांना तो उत्तम. रिसायकल्ड पॉलिस्टरबद्दल मात्र माझं मन तितकं साफ नाही. ते बहुतेक प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून येतं. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, पण एकदा तिचं ताणणारं मिश्र कापड झालं की पुढचा रस्ता जवळपास बंद.

कारण त्यात मिसळलेला ताणणारा धागा, इलास्टेन. १९५८ मध्ये निघालेल्या या धाग्याशिवाय आजची ब्रा अंगाला बसणारच नाही. वापरून संपलेल्या ब्राची मागची पट्टी उजेडात ताणून पाहा. बारीक पांढरे तंतू केसांसारखे वर आलेले दिसतील, ते तुटलेलं इलास्टेन. कप आणि लेस शाबूत असतात, पण पट्टी सैल पडली म्हणून ब्रा टाकावी लागते. हल्ली काही इलास्टेनचा बराचसा कच्चा माल मक्यापासून येतो, ते स्वागतार्हच, पण मक्यापासून आलं म्हणून ते कुजत नाही. तेव्हा आहे ती टिकवा. गार पाण्यात, हुक लावून, जाळीच्या पिशवीत धुवा. क्लोरीनचं ब्लीच आणि ड्रायर टाळा, आणि पिळू नका.

आता तुमची त्वचा. शंभर ग्रॅम कोरडा कापूस हवेतला सुमारे साडेआठ ग्रॅम ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. निकरचा आतला, अंगाला टेकणारा तुकडा सुती किंवा लायोसेलचाच बघा. 'ओको-टेक्स स्टँडर्ड १००' हे प्रमाणपत्र तयार मालातली हानिकारक रसायनं तपासतं. कापूस सेंद्रिय आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी 'गॉट्स' (GOTS) हे सेंद्रिय कापडाचं प्रमाणपत्र पाहा. त्यात 'ऑरगॅनिक' म्हणायला किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय लागतो, शिवाय रंगाई आणि कामगारांच्या अटीही असतात. पुरळ नेमकं कुठे उठतं तेही पाहा. हुकाखाली असेल तर निकेलची, इलास्टिकच्या रेषेत असेल तर रबरातल्या रसायनांची ॲलर्जी असू शकते. जांघेतलं असेल तर बुरशीचा संसर्गही असू शकतो, म्हणून कापड बदलत बसण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : जुनी सुती निकर खतात टाकली तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण आधी कात्री घ्या. कमरेचं आणि पायांचं इलास्टिक कापा, लेबल काढा, आणि शिवणीही उतरवा, कारण शिवणीचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो. लेबलवर ५ टक्के इलास्टेन लिहिलं असेल तर कापूस कुजेल आणि ते तंतू मातीत राहतील. अशा निकरचं पुसायचं फडकं करा.