खाणीच्या पट्ट्यातल्या भातशेतीत चुना टाकला तर जड धातू कमी होतात का?

तुमचं शेत गोव्यातल्या डिचोली तालुक्यात खाणीच्या डंपाखाली, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाच्या पायथ्याशी आहे, पावसात लाल गाळ उतरतो, लावणीनंतर पानं तांबूस पडतात आणि कुणीतरी सांगितलंय की चुना टाकला की भातातले जड धातू जातात. मीही याच पट्ट्यात भात करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धातू जात नाहीत. चुना, शेणखत, बायोचार (शेतीसाठीचा कोळसा), काहीही घातलं तरी ते मातीतच राहतात. बदलतं ते एवढंच, की मुळांना उचलता येईल अशा रूपात त्यांतले किती उरतात. म्हणून प्रयोगशाळेत ‘एकूण’ धातू मोजून घेतलात तर चुना टाकण्याआधी आणि नंतर आकडा तोच येईल. ‘डीटीपीए’ पद्धतीने उपलब्ध, म्हणजे मुळांना उचलता येईल असं लोह, मँगनीज, जस्त मोजून मागा, आणि सोबत सामू (पीएच; तो जितका कमी तितकी माती जास्त आम्ल).

आता पानांचं. आपल्याकडच्या खाणी लोहखनिजाच्या. डंपावरून येतं ते मुख्यतः लोह, आणि बरोबर मँगनीज. मँगनीज भात पुष्कळ सोसतो. लोहाचं तसं नाही. जमीन पाण्याखाली गेली की हवा संपते, गंजासारखं घट्ट बसलेलं लोह विरघळतं आणि मुळांतून वर चढतं. जुन्या, खालच्या पानांच्या टोकाला बारीक तपकिरी ठिपके येतात, ते देठाकडे पसरतात, मग पूर्ण पान तांबूस होतं. हा त्रास मुख्यतः पिकाला. फुटवे कमी, पळींज (पोकळ दाणे) जास्त. खाणाऱ्याला त्याची तेवढी भीती नाही.

पण तांबूस पान म्हणजे लोहच, असं धरून चालू नका. जस्ताच्या कमतरतेतही लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत गंजासारखे डाग येतात. तशा शेतात चुना ओतला तर जस्त आणखी अडकतं आणि पीक अधिकच बसतं. चाचणीत जस्त कमी आलं तर हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट हा साधा, स्वस्त उपाय आहे.

चुन्याबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आपली जांभ्याची जमीन आम्लधर्मी असली तरी पाणी भरून ठेवल्यावर काही आठवड्यांत तिचा सामू आपोआप सहा-साडेसहाच्या वर सरकतो. म्हणजे भर पावसातल्या सरद (पावसाळी भाताच्या) शेतात चुन्याचं अर्धं काम पाणीच करतं. चुना कामाला येतो तो सामू साडेपाचच्या खाली असेल तर आणि मुख्यतः सुरुवातीच्या दिवसांत. लावणीआधी दोन-तीन आठवडे ओल्या मातीत मिसळा. किती, ते चाचणीतल्या चुन्याच्या गरजेवरून ठरवा, शेजाऱ्याने किती टाकला यावरून नको. शिंपल्यांचा चुनाही चालतो.

लोहासाठी चुन्यापेक्षा मला जास्त भरवसा पाण्याचा आणि पालाशचा (पोटॅशचा). चिखलणी करून लगेच लावू नका. पाणी भरल्यावर लोह उसळतं ते पहिल्या काही आठवड्यांत, म्हणून दहा ते वीस दिवस जाऊ द्या. लावणीनंतर साधारण महिन्याने, फुटवे येत असताना, आठवडाभर पाणी काढता आलं तर काढा. जुलैत ते कठीण, हे मला ठाऊक आहे. वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातात जमतं. पालाश पुरेसा असला की मुळं लोहाला बाहेरच अडवतात, आणि या जमिनीत पालाश बहुधा कमीच असतो. अमोनियम सल्फेट टाळा, युरिया वापरा. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. कच्चा पाला चिखलात गाडला तर हवा आणखी संपते आणि लोह वाढतं. हिरवळीच्या खताचा सल्ला सरसकट देणारे हे विसरतात.

गिरणीतली तुसाची राख मिळत असेल तर जरूर घाला. तिच्यात बहुतांश सिलिका असते, आणि सिलिका मिळालेला भात लोह बरं सोसतो, आर्सेनिकही कमी घेतो.

दाण्यातल्या धातूंचं म्हणाल तर तिथे चिंता कॅडमियम आणि आर्सेनिक यांची, आणि ती फक्त चाचणीनेच कळते. पान हिरवंगार असूनही दाण्यात कॅडमियम असू शकतं. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी खाणीच्या पाण्यावरच्या भातामुळे लोकांची हाडं ठिसूळ झाली, तो प्रकार कॅडमियमचा. पॉलिश तांदळासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) मर्यादा किलोमागे कॅडमियम ०.४ मिलिग्रॅम आणि अजैविक आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅम अशी आहे. पंचाईत अशी, की दोघांचं पाण्याशी उलटं नातं आहे. पाणी भरलेलं असेल तर कॅडमियम अडकतं आणि आर्सेनिक सुटतं, शेत सुकवलं तर उलट. कॅडमियम निघालं तर लोंबी येण्याआधी आणि नंतर तीन-तीन आठवडे शेतातलं पाणी काढू नका, चुनाही तिथे खरा उपयोगी. आर्सेनिक निघालं तर मधूनमधून सुकवा, आणि स्फुरद (फॉस्फरसचं खत) जपून, कारण तो आर्सेनिकला मातीतून सोडवतो. दोन्ही निघाली तर जे मर्यादेच्या जास्त जवळ, त्याच्यासाठी पाणी सांभाळा आणि राख घाला.

दरवर्षी वरून नवा गाळ येणार असेल तर खाली कितीही चुना ओता, पुढच्या पावसात पुन्हा तेच. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजेस (खाणपट्टे) रद्द केल्या, पण डंप जागेवरच राहिले. वरच्या बाजूला मेर (बांध) उंच करा, गाळ बसायला एखादा खड्डा खणा, आणि साचलेला थर उन्हाळ्यात खरवडून शेताबाहेर टाका. तो नांगरून मातीत मिसळू नका.

नमुने भात कापल्यावर, पाऊस लागायच्या आत घ्या. ओहोळाकडचा आणि दूरचा, वेगवेगळे. प्लास्टिकच्या पिशवीत भरा, गंजलेलं खोरं वापरू नका. विभागीय कृषी कार्यालयात विचारलं तर माती-चाचणीचं कळेल. जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या किनारी शेती संशोधन संस्थेतही विचारा. आणि पहिल्या वर्षी चुना सगळ्या शेतात टाकू नका. शेताचा एक तुकडा तसाच, चुन्याशिवाय ठेवून दोन्हींकडच्या भाताचं वेगळं वजन करा.