शिवबाच्या पाळण्यात अफझलखान कशाला?

गोविंदाग्रजांच्या ‘गुणि बाळ असा’ या पाळण्यात जिजाऊ तान्ह्या शिवबाला सिद्दी आणि अफझलखान यांची भीती का घालतात आणि तो बारशाला म्हणावा का, असे आपण विचारले आहे. अवश्य म्हणावा, आणि पूर्ण म्हणावा.

आमच्याकडे एका बारशाला मी तो म्हणायला घेतला होता. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ झाले होते, कुंची घातलेले बाळ टक्क जागे होते आणि मी बागुलाच्या कडव्यापर्यंत पोहोचले, तोच आमच्या थोरल्या वन्संनी हात वर करून मला थांबवले. शुभकार्यात खानाचे नाव नको, असे त्यांचे म्हणणे. मला ते कडवे गाळून थेट ध्रुवपदावर यावे लागले आणि बायका घुगऱ्यांकडे वळल्या. याच वन्सं शिवजयंतीला अफझलखानवधाचा पोवाडा मांडी ठोकून ऐकतात!

वास्तविक त्या कडव्यावाचून पाळण्याला अर्थच उरत नाही. बारा मावळ, शिवनेरी, जुन्नर सारे निजले आहे आणि जागे आहे ते एकटे पाळण्यातले मूल. परक्या सत्तेखाली डोळे मिटून पडलेल्या मुलखात हा एकच झोपायला तयार नाही, ही त्यातली खरी मेख आहे. आई ज्यांची भीती घालते त्यांच्यापैकी खानाचे 1659 साली प्रतापगडाखाली काय झाले, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून तिची भीती ऐकताना त्याला स्फुरण चढते. शिवाय काळ कसला होता ते पाहा. 1629 मध्ये जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव दौलताबादेस निजामशाही दरबारात मुलांसह मारले गेले, शहाजीराजे धामधुमीत गुंतलेले, आणि 1630 च्या फेब्रुवारीत शिवनेरीवर हा जन्म. अशा बाळंतिणीने चांदोबाचीच गाणी म्हणावीत, ही अपेक्षा मला तरी बालिश वाटते.

अर्थात 1630 साली अफझलखान हा त्या घरचा बागुलबुवा नव्हता. ती कवीने पुढच्या काळातून घेतलेली मोकळीक आहे, तिला इतिहास समजू नये.

आपल्याकडे कोणी हरकत घेतलीच, तर कृष्णाच्या गाण्यांतले कंस आणि पूतना बारशाला कसे चालतात, एवढेच विचारावे. आमच्या वन्संनी त्याचे उत्तर अजून दिलेले नाही.