फ्रेंच वाक्प्रचार आणि शब्द लक्षात ठेवायची काही युक्ती आहे का? डेल्फ बी-वन ही फ्रेंचची परीक्षा देतेय, कोणतं ॲप चांगलं? मराठी माध्यमातून शिकल्यामुळे जड जातंय का?

शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. नाही, मराठी माध्यमामुळे जड जात नाही. ज्यांनी तुमच्या डोक्यात हे भरवलं त्यांना फ्रेंच येत असेल, मराठी येत नसावं.

मी सांगलीकडची. पुण्यात नोकरी करता करता संध्याकाळचा क्लास लावला होता. बॅचमध्ये बहुतेक इंग्रजी माध्यमाची मुलं. वाक्प्रचार आले त्या दिवशी मॅडमनी झेरॉक्स वाटल्या: डावीकडे फ्रेंच, उजवीकडे इंग्रजी. ‘इल प्लो दे कॉर्द’, म्हणजे आभाळातून दोर पडतायत असा पाऊस. शेजारी इंग्रजीत कुत्री-मांजरं पडत होती. आता फ्रेंचांचे दोर लक्षात राहावेत म्हणून मी आधी इंग्रजांची कुत्री-मांजरं पाठ करायची? मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘मुसळधार’. त्यांचे दोर, आपली मुसळं, दोन्ही वरून सरळ उभी येणारी. विषय संपला.

मॅडम बाकांमधून फिरत होत्या. त्यांनी माझा कागद उचलला, सगळ्या वर्गाला दाखवला आणि म्हणाल्या, “असं मराठीत भाषांतर करत बसलात तर जन्मात फ्रेंच येणार नाही. फ्रेंचमध्ये विचार करा.” उजवीकडचा अख्खा रकाना इंग्रजी होता, ते मात्र भाषांतर नव्हतं! फी भरलेली होती म्हणून गप्प बसले. पण समास भरत राहिले.

‘शेर्शे मिदी आ कातोर्झ अर’, दुपारचे बारा दोन वाजता शोधणे, म्हणजे सोप्या कामाचा उगाच घोळ घालणे. समासात: द्राविडी प्राणायाम. अस्वल मारायच्या आधीच त्याचं कातडं विकणे: बाजारात तुरी. ‘आव्वार अं प्वाल दां ला मँ’, तळहातावर केस असणे, म्हणजे कमालीचा आळशी. हात कशाला लागतच नाही, मग केस उगवणारच. याला मराठी जोड नीट बसेना, म्हणून आमच्या एका चुलत्यांचा तळहात डोळ्यांसमोर आणला. (काका हे वाचणार नाहीत. वाचायलाही कष्ट पडतात.)

पुढे ऑफिसात फ्रान्समधल्या ल्योंच्या टीमबरोबर कॉल असायचे. एकदा आमच्या मंडळींनी एका साध्या रिपोर्टसाठी तीन-तीन मंजुऱ्यांची योजना मांडली. तिकडची बाई सुस्कारा टाकून म्हणाली, आपण दोन वाजता बारा शोधतोय. इकडे सगळे घड्याळाकडे बघायला लागले. एकानं तर विचारलं, मीटिंग दोनला ढकलायची आहे का? हा गडी माझ्याच बॅचचा, मॅडमचा लाडका, उजवा रकाना तोंडपाठ. माझ्या कानात थेट ‘द्राविडी प्राणायाम’ वाजलं. मी फ्रेंचमध्येच म्हटलं, बरोबर आहे, एकच मंजुरी ठेवू. बाई हसली, काम पुढे सरकलं.

शब्दांचं म्हणाल तर आपल्याकडे आयतं भांडवल आहे. पोर्तुगिजांकडून आलेले शब्द मराठीत मुरलेत आणि फ्रेंच त्यांची चुलत बहीण. अननस तिकडेही ‘आनाना’, काजू ‘काझू’. पगारावरून ‘पेये’, पैसे देणे. घमेल्यावरून ‘गामेल’, जेवायचं भांडं. ऐंशीला ते ‘चार वीस’ म्हणतात यावर वर्ग डोकं धरून बसला होता. आमची आजी ‘चार विसा’च म्हणायची, त्यामुळे सत्त्याण्णव म्हणजे चार विसा नि सतरा, यात मला नवल वाटलं नाही.

लिंगाचं मात्र मराठी फसवतं, तिथे चित्रं लागतात. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी, म्हणून मी त्या हातात हिरवा चुडा भरला. दातही त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, तिथे आजीचे मशेरी लावलेले काळे दात. अजून चुकत नाही. स्पेलिंगसाठी फ्रेंच मुलांचीच युक्ती घ्या: ‘मूरीर’ म्हणजे मरणे, त्यात एकच आर, कारण माणूस एकदाच मरतो. ‘नूरीर’ म्हणजे खायला घालणे, त्यात दोन, कारण जेवण पुन्हा पुन्हा लागतं. व्हँडरट्रँपची क्रियापदं, म्हणजे भूतकाळात ‘आव्वार’ऐवजी ‘एत्र’ घेणारी, तुम्ही पाठ केलीच असतील; तो शब्द त्यांच्याच आद्याक्षरांचा.

ॲपचं: अँकी घ्या, त्यात उजळणीची कार्डं बनवता येतात आणि कार्डामागे स्वतःचं मराठी लिहिता येतं. बाकीची वापरून बघा, मला त्यांच्यात रस नाही. आणि वर्गात कुणी हिणवलं तर उजवा रकाना कोणत्या भाषेत आहे ते खुशाल विचारा. मी विचारलं नाही, त्याची हळहळ अजून आहे.

हां, एक राहिलं. जोड्या शंभर टक्के जुळत नाहीत, आणि कोणता वाक्प्रचार कुठे चालतो हेही बघावं लागतं. ‘पोझे अं लापँ’, ससा ठेवणे, म्हणजे भेटायचं ठरवून न येणे. हे मित्रांत ठीक, औपचारिक पत्रात नको. आणि बी-वनला वाक्प्रचारांची यादी कुणी विचारत नाही. चार भाग, प्रत्येकी 25 गुण, पास व्हायला 100 पैकी 50, पण एकाही भागात 5 च्या खाली गेलात की बाकीचं वाया. दांडी बहुधा ऐकण्यात उडते, आणि तिथे माझा समास काही कामाचा नाही. आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या रोज ऐका, पहिल्यांदा मजकूर न बघता.