स्कीइंग करताना पाठमोरं उतरायला कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय, दोन सीझन झाले, सरळ उतरणं नीट जमतं, पण पाठमोरं वळलं की दहा फुटांत बसकण. माझंही असंच व्हायचं. मी व्हँकुव्हरला राहते आणि हे चाळिशीत शिकले, त्यामुळे उड्या मारणाऱ्या पोरांचे व्हिडिओ माझ्या काही कामाचे नव्हते.

कामाला आल्या त्या मुलीच्या क्लासच्या बाई. नवशिक्यांच्या उतारावर चार-पाच वर्षांची पोरं, आणि त्यांच्यासमोर बाई पाठमोऱ्या घसरत "पिझ्झा! पिझ्झा!" ओरडत होत्या. मी कडेला कॉफी घेऊन उभी. पोरांच्या स्कींची टोकं पुढे जवळ आणि शेपट्या (मागची टोकं) फाकलेल्या. बाईंचं नेमकं उलट: शेपट्या जवळ, टोकं फाकलेली. म्हणजे पिझ्झाच्या तुकड्यासारखी पाचर तीच, फक्त तिची निमुळती बाजू कायम उताराकडे. ब्रेक तिथेच लागतो. मी तोवर पाठमोरी होऊनही सवयीने टोकं जुळवत होते, म्हणून शेपट्या दोन दिशांना पळायच्या.

तर सुरुवात अशा उतारावर करा जो खाली आपोआप सपाट होतो. तोंड चढाकडे करून उभे राहा, ही उलटी पाचर धरा आणि नुसतं घसरा, थांबा. वळण्याचा नियम बदलत नाही: डाव्या पायावर भार दिला की उजवीकडे जाता. फक्त बघायचं उजव्या खांद्यावरून.

खरी गोची या बघण्यातच आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी माझ्या मांड्या ठीक होत्या, मान मात्र आखडली होती. आपण घाबरून दर दोन सेकंदांनी मान पुढे आणतो, आणि मान फिरली की खांदे, कंबर सगळं फिरतं. पेठेतल्या बोळात गाडी मागे घेताना कसं एकदा मागे बघितलं की बघतच राहतो, तसं करा. वळण पूर्ण होईपर्यंत त्याच खांद्यावरून बघा, मग दुसऱ्या. दुसरी बाजू त्या वेळी पूर्ण आंधळी असते हे मात्र लक्षात ठेवा. वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं, हा एफआयएसचा (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा) नियम पाठमोऱ्यालाही लागू आहे. तुमचं तोंड वर असलं तरी खालच्या माणसाला धडकलात तर चूक तुमचीच. रविवारी दुपारी गर्दीत करू नका.

भाराबद्दल: सह्याद्रीत रॉकपॅच उतरताना घाबरलेला माणूस कातळाला पोट चिकटवतो आणि त्याचेच पाय निसटतात. इथेही भीतीने कमरेतून वर, डोंगराकडे वाकलं जातं, मग शेपट्या सुटतात. उलट मागे झुकलात तर शेपटी बर्फात रुतते आणि डोकं आपटतं. (हेल्मेट घाला. माझं कामी आलंय.) गुडघे मऊ, दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, आणि नडगी बुटाच्या जिभेला हलकी टेकलेली. एवढं जमलं की पाचर हळूहळू मिटवून स्की समांतर करता येतात.

सरळवरून पाठमोरं होताना स्की आधी सपाट करा, मगच पाय फिरवा. उताराकडची कड बर्फात लागली की क्षणात आडवे. मी तीन वेळा झाले.

तुमच्या स्की कुठल्या आहेत ते लिहिलं नाहीत. साध्या स्कीची शेपटी जवळजवळ सपाट असते आणि बाइंडिंग (बूट अडकवायचा भाग) मध्याच्या बरंच मागे बसवलेलं असतं. दाबलेल्या बर्फावर हळू गेलात तर ते चालून जातं, भुसभुशीत बर्फात ती शेपटी फावड्यासारखी घुसते. दोन्ही टोकं वर वळलेल्या ट्विन-टिप स्की याचसाठी. तशा स्की आधीही होत्या, पण 1998 मध्ये सॉलोमन कंपनीची टेनएटी ही स्की आली आणि उड्या मारायच्या स्की-पार्कातलं चित्र बदललं. त्यामागे कॅनडाचे स्कीअर माइक डग्लस आणि इथले, व्हिसलर या स्कीच्या गावाकडचे त्यांचे दोस्त होते. विकत घेऊ नका, भाड्याने एक दिवस मागून बघा.

किती दिवस लागतील? मला रुंद, सोप्या उतारावर बिनधास्त यायला सहा-सात संध्याकाळी लागल्या. डाव्या खांद्यावरून बघत वळणं अजूनही अडखळतंच. मुलगी म्हणते, "आई, तू त्या बाजूला वळायच्या आधी श्वास रोखतेस." ते मला माहीतच नव्हतं.